त्या दिवशी मी खोलीतून उठलो नाही

नेआफू, सोमवार

प्रिय टेलेसिया,

हे चौथं पत्र. आधीची तीन मी फाडली, तेव्हा तुझी वहिनी लोसे म्हणाली, "चाळीस वर्षं पोरांना इंग्रजीत पत्रं लिहायला शिकवलीत, आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहिताना घाम फुटतोय होय?" फुटतोय. गुरुवारच्या विमानात तुझी जागा आहे, ऑकलंडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे, आणि तू मात्र नवऱ्याला ठणकावलंस, "मी कुठं जात नाही, माझी चटई अर्धी विणायची राहिलीय." बिचारा पाउला काल माझ्या ओट्यावर बसून रडला. तेव्हापासून मी अंगणात येरझाऱ्या घालतो आहे. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं वाटतं.

मुद्द्याचं लिहवत नाही म्हणून वर्गातली गोष्ट सांगतो. दर वर्षी धड्यात 'टॅबू' हा शब्द यायचा. पुस्तकात अर्थ एका ओळीत: ज्याला बंदी आहे ते. मी चिडायचो. अरे, शब्द आपला! अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या बेटांवर आलेल्या एका इंग्रज कप्तानानं आपल्या लोकांना जेवायला बोलावलं, तर कुणी बसेना, कुणी घासाला शिवेना. का? तर 'तापू'. त्यानं तो शब्द कानाला ऐकू आला तसा वहीत उतरवला आणि विलायतेला नेला. तिथं त्यातलं निम्मं गळून पडलं. आता त्यांच्या वर्तमानपत्रांत कुणाचा पगार विचारणं टॅबू, बाईचं वय विचारणं टॅबू. आपल्याकडं सोवळं आणि निषिद्ध, दोन्ही त्या एका शब्दात आहे. राजाचं डोकं तापू, पूर्वजांना पुरलेली जागा तापू, आणि भावाला बहीण तापू. बंदी वाईटाला घालतात, मी पोरांना सांगायचो, तापू असतं ते मोलाचं असतं म्हणून. पोरं माना डोलवायची आणि घंटा झाली की पळायची.

तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान, तरी मानानं मोठी. दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या पाठीवर बसून शाळेत यायचीस, वर माझेच कान ओढायचीस. मग एके दिवशी आईनं माझी उशी उचलून मुलांच्या झोपडीत टाकली आणि बजावलं, "आता टेलेसियापुढं तोंड सांभाळायचं." त्याला पन्नास वर्षं झाली. आपण एका खोलीत कधी सिनेमा पाहिला नाही, कसली चेष्टा केली नाही. तुमच्याकडं टीव्ही लागला की मी मागल्या दारानं पसार. त्याची मला कधी खंत वाटली नाही. तुझा मान राखण्यात मला सुखच होतं.

म्हणूनच गेल्या महिन्यातली चूक मला स्वस्थ बसू देत नाही. तो डॉक्टर नवा, परदेशातला, त्याला काय ठाऊक! त्यानं सगळ्या घरच्यांना एका खोलीत बसवलं, कागद उघडला आणि तुझ्या अंगाबद्दल बोलायला लागला. पहिल्या वाक्यालाच मी बाहेर जायला हवं होतं. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. पण भीतीनं माझे पाय उठेनात, आणि खरं सांगू, मला ऐकायचं होतं. तू माझ्याकडं एकदाच पाहिलंस, "मला काही झालेलं नाही" म्हणालीस आणि चालती झालीस. डॉक्टरला वाटलं, बाई हट्टी आहे. तू लाजेनं उठलीस हे मला माहीत आहे. आणि भावापुढं एकदा "काही झालेलं नाही" म्हटलं, ते आता तुला मागं घेता येत नाही.

तेव्हा भावानं जे कधी लिहायचं नसतं ते लिहितो. टेलेसिया, तुझ्या स्तनात कॅन्सरची गाठ आहे. लिहिलं. ती काढता येते, अजून वेळ गेलेली नाही, हेही मी त्याच खोलीत ऐकलं. आता माझ्यापासून लपवायला काही उरलं नाही, म्हणून माझ्यापायी नाही म्हणू नकोस. तापू मी मोडलं, पाप माझ्या माथी. वर्षभर माझं तोंड पाहू नकोस, पण गुरुवारी जा. लोसे तुझ्यासोबत येईल, मी विमानतळावर फिरकणारसुद्धा नाही. मी मेलो तर माझ्या उशाशी बसायचा मान तुझा आहे. पण तू आधी गेलीस, तर तुझ्या उशाशी मला कुणी बसू देणार नाही. मला बाहेर चुलीपाशी, मानानं धाकट्यांच्या जागी, लाकडं सारत रडावं लागेल.

तुझाच,
सेमिसी