होय म्हाराजा, पण घाटाखालीच

तोंडवली, ता. मालवण

तीर्थस्वरूप सत्यवानकाकांच्या चरणी गौरजाचा साष्टांग नमस्कार (पत्रात तो सोपा पडतो, म्हणून आठही अंगांनी).

आम्ही इकडे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? काकीचा रक्तदाब? फोन सोडून पत्र लिहिते याचं नवल वाटेल. पण तुमचा फोन काकी स्पीकरवर टाकते आणि भांडुपचा तुमचा अख्खा मजला आमचं ऐकतो. इकडे तुमचे धाकटे बंधू, म्हणजे माझे अप्पा, पडवीतून कान लावून असतात. सुरुवातीलाच सांगून टाकते की या पत्रात कसलीही मागणी नाही. माझ्या नोकरीसाठी तुम्ही ज्या साहेबांकडे शब्द टाकणार होतात ते निवृत्त होऊन गावी गेले, असं तुमच्या स्वप्नाताईकडून कळलं. म्हणजे तुमचा शब्द अजून तुमच्याकडेच शिल्लक आहे. जपून ठेवा.

रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा अप्पांनी वाडीभर पेढे वाटले. आता तीच वाडी मला रोज विचारते, "सध्या काय करतंस गो?" (पेढे परत मागत नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.) आधी सावंतवाडीला एका काजूच्या कारखान्यात माल तपासायच्या जागेसाठी गेले. साहेबांनी माझ्या प्रमाणपत्रांवर बशी ठेवली आणि तू तोंडवलीची म्हणजे कोणाची, आईचं माहेर कुठलं, आजोळचे अमके तुझे कोण, इथून सुरुवात केली. तासाभरात आईच्या आत्येकडून आमचं नातं निघालं. चहा झाला, चिवडा झाला, आईसाठी काजूगर बांधून दिले आणि निघताना म्हणाले, जागा कालच भरली, भाच्याला घेतला. नातं माझंही लागत होतं हो, पण भाच्याचं जरा जवळून लागत होतं. दुसरीकडे, आमच्याच किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टच्या मालकाला माझी पदवी फार आवडली. रसायनशास्त्र म्हणजे पोहायच्या तलावात क्लोरीन बरोबर पडेल, म्हणाला. उरलेल्या वेळात पाहुण्यांना डॉल्फिन किती वाजता येतात ते सांगायचं. डॉल्फिन मला वेळ कळवत नाहीत असं मी म्हटलं, तर माझ्यात आत्मविश्वास कमी आहे असं त्याचं मत पडलं. बाकी सगळीकडे अनुभव मागतात. नोकरीशिवाय अनुभव आणि अनुभवाशिवाय नोकरी कशी मिळवायची, ते कुठल्याच वर्गात शिकवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

शेवटी आईने ठरवलं की हे काम माणसांच्या हातातलं राहिलेलं नाही. नारळ घेऊन सगळे देवळात गेलो. शंकर गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, देव झोपलेला असला तरी कूस बदलेल. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातला चेडू शिकान सवरान घरात बसला आसा," की सगळ्यांचं "होय म्हाराजा!" "तेका बरीशी नोकरी मेळांदे," की "होय म्हाराजा!" तेवढ्यात आई पुढे सरकून त्यांच्या कानाला लागली. गावकरांनी मान हलवली आणि त्याच सुरात म्हणाले, "पण घाट चढान परमुलखात जावची पाळी तेच्यावर हाडू नको रे म्हाराजा!" आणि सगळ्यांबरोबर, लहानपणापासूनची सवय म्हणून, मीही बेंबीच्या देठापासून ओरडले, "होय म्हाराजा!" ओरडल्यावर कळलं, आपण काय कबूल केलं. पण नारळ फुटला होता.

देव आपलाच, त्यामुळे ऐकतो ते अर्धंच. महिन्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही कोल्हापूरच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेकडून. मुलाखत फोनवर. घरात रेंज येते-जाते म्हणून मी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जाऊन बसले. दुधातली भेसळ कशी ओळखाल यावर मी छान बोलत असताना मासळीची पाटी घेऊन वाडीतली मथुराकाकी मागे येऊन उभी राहिली आणि फोनात डोकं घालून म्हणाली, "साहेबानू, चेडू गुणाचा आसा, डोळे झाकून घेवा!" मला वाटलं, संपलं. साहेबांनी हसत पाटीत काय आहे ते विचारलं, मग मला आणखी चार अवघड प्रश्न विचारले, आणि चारही मला आले. पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र हातात. एक तारखेला हजर व्हायचं आहे.

काका, या वेळी पेढे कोणी आणले नाहीत. अप्पा म्हणतात, "देवाक एक सांगूचा आणि आपण दुसराच करूचा? ह्या आपल्या घरात चलाचा नाय." मी म्हटलं, फोंडाघाटातून वर जायला बस आहे, चार तासांचा रस्ता, परमुलूख कसला? तर म्हणे, घाट तो घाट. वर्षभर मला नोकरी नाही म्हणून रडणारं हे घर आता नोकरी लागली म्हणून तोंड लपवतंय. थट्टा पुरे. मला ही नोकरी हवी आहे, काका. हे माझं काम आहे, मी त्यासाठीच शिकले, आणि ती हुकली तर मी आयुष्यभर क्लोरीन टाकत बसेन.

असो. गुडघ्यांना जपा. काकीला नमस्कार.

तुमची (अजूनही घाटाखालची)
गौरजा

ता. क. मागणी नाही म्हटलं ते शिष्टाचार म्हणून. शंकर गावकरांना विचारलं. म्हणाले, "घातलेला गाऱ्हाणा फिरवूक घराचो थोरलो होयो." घरातले थोरले तुम्ही. एक तारखेच्या आत या. नारळ मी आणते, तुम्ही नुसते गुडघे आणा.

आणखी एक ता. क. येणार की नाही ते कळवायची तसदी घेऊ नका. तुम्हालाच देवदर्शनाची ओढ लागली आहे असं मी अप्पांना सांगून मोकळी झाले. कालपासून माडीवरची खोली झाडताहेत आणि गुणगुणताहेत. आता तुम्ही नाही आलात तर त्यांना तुम्हीच सांगा.

भावजींस विमलाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला हिने माझ्याकडे दिले, ते मी वाचले. घाटाचे गाऱ्हाणे मीच घालायला लावले होते. हिच्याशिवाय घर खायला उठेल, म्हणून. तुम्ही या आणि ते फिरवा. फक्त एवढे घाला, "चेडू घाट चढता हा, तेची उतरान येवची वाट मोकळी ठेव रे म्हाराजा." त्याला होय म्हाराजा सगळ्यांच्या आधी मी म्हणेन.