इकबालभाईंची जागा

रविवार, संध्याकाळ

आज बंधाऱ्यावर लक्ष्मी रोडसारखी गर्दी. पाण्यात माशांपेक्षा गळ जास्त. दोघांमध्ये दोन काठ्यांचं अंतर ठेवायचं, हा आमचा जुना रिवाज. आता लोक पंगतीला बसल्यासारखे मांडीला मांडी लावून बसतात. तरी माझ्या डावीकडची जागा मी रिकामी ठेवली. इकबालभाईंची. ते गेले त्याला महिना झाला, आणि आज मी पहिल्यांदाच एकटा गेलो. का गेलो, कोण जाणे.

एक गृहस्थ काठी घेऊन आले. "इथे कुणी बसतंय का?"

"बसतंय. येतील एवढ्यात."

खोटं का बोललो? "बसा" म्हणायला काय जात होतं? पण ती त्यांची जागा. शेजाऱ्याच्या गळाला मासा लागला की गुंता नको म्हणून न सांगता आपली दोरी बाहेर काढणारा, या काठावरचा एकमेव सभ्य माणूस.

गृहस्थ मागे उन्हात उभे राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडे दोन टोमणे तयार होते. हे मात्र मुकाट वाट बघत होते. इकबालभाईंची. माझ्यासारखीच.

शेवटी मलाच बघवेना. "बसा हो," म्हटलं.

ते बिचकले. "आणि ते आले तर?"

"आले तर लगेच उठा," म्हणालो, आणि पाण्याकडे तोंड फिरवलं.