हरण्याची दावण

॥ श्री ॥

गुरांची छावणी, नदीकाठ,
कडा गावाजवळ, ता. आष्टी.
१२ मार्च १९८७

चि. पंडित यास केसरआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गावावरून फिरत फिरत इथं पोचलं. छावणीचे कारकून आप्पाराव पाकीट उंच धरून, केसरबाईंना मास्तरांचं पत्र आलंय, असं ओरडले. मग काय, मलाही मान ताठ करून जावं लागलं!

नदीकाठी राहायला कसं वाटतं, असं तू विचारलंस. बाबा रे, नदी म्हणजे नुसती वाळू. तिच्यात झिरा खणलाय, माणसांचं पाणी त्यातून. गुरांसाठी टँकर येतो. कारखान्यानं पत्र्याचे मांडव घातलेत, पण ते बैलांसाठी. आम्ही बैलांच्या पायथ्याशी गोणपाट टाकून पडतो. बायकांच्या अंघोळीला चार बांबू आणि बारदानाचा आडोसा. वारा सुटला की बारदान एकीकडं आणि आम्ही एकीकडं, आणि मग सगळ्याजणी पोट धरून हसतो. सकाळी उसाच्या वाढ्यांची ट्रॉली आली की अख्खी छावणी उठून उभी राहते.

दावणी गावागावाच्या आहेत. आपल्या गावाची दावण झिऱ्याजवळ, चांगल्या सावलीची. पण तिथं बबनराव भावजी आहेत. त्यांचं तोंड सकाळ-संध्याकाळ कोण बघणार? मी आप्पारावांना सांगून पार दुसऱ्या टोकाला, परक्या गावाच्या दावणीला जागा मागून घेतली. आप्पाराव म्हणाले की बाई, तिथं दुपारभर ऊन हाय. म्हटलं, असू द्या.

आपला हरण्या बैल अजून इथं रुळला नाही. वाढे हुंगतो आणि तोंड फिरवतो. मलाही चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जायचं ते कळत नाही. नवी जागा आहे, होईल सवय.

सरस्वतीला आणि मुलींना आशीर्वाद. तुझ्या लांबलचक उपदेशाची वाट बघते आहे, तो लवकर धाडावा.

तुझी,
केसरआक्का

॥ श्री ॥

धारूर.
१९ मार्च १९८७

ती. स्व. आक्कास पंडितचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून सरस्वती बारदानाच्या गोष्टीवर हसत सुटली आणि मी घरात येरझाऱ्या घालू लागलो. उपदेश मागितलास म्हणून देतो, आता तक्रार करू नकोस.

पहिलं म्हणजे छावणीवर जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांना हरण्या दाखव. दुसरं म्हणजे उन्हाची जागा सोड. भावजींशी वैर धरून तू तळतेस, ते मात्र सावलीत बसतात. हे कसलं वैर? दाजी गेले त्याच महिन्यात पोळा आला, आपल्या घरात दुखवटा, आणि त्यांनी न विचारता हरण्याला झूल-बाशिंग घालून स्वतःच्या बाशिंग्या बैलाबरोबर गावातून मिरवलं. वाईट मलाही वाटलं होतं. बैलाला सुतक नसतं, हे त्यांचं उत्तर तर फारच लागलं. पण म्हणून तू दोन वर्षं अबोला धरलास आणि पैरा मोडलास. एक बैल त्यांचा, एक तुझा, दोघांची शेती सुखानं होत होती. आता दर पेरणीला दारोदार जोडीदार बैल शोधत फिरतेस.

खरं सांगू का? मला ही शेतीच तुझ्यामागं नको आहे. तुला पुढं-मागं कुणी नाही. किल्ल्याच्या बाजूला आम्ही दोन खोल्या घेतल्यात, एक तुझीच समज. मुली आत्या कधी येणार म्हणून विचारतात. आई गेल्यावर तू मला जेवू घातलंस, आता मी तुला जेवू घालतो. त्यात लाजायचं काय?

सरस्वतीनं जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेत. कड्याच्या स्टँडवरून घेणे. लहानांना थोरांची पत्रं लवकर मिळावीत, एवढंच मागणं.

तुझा,
पंडित

॥ श्री ॥

छावणी.
२ एप्रिल १९८७

चि. पंडित यास अ. उ. आ. वि. वि.

लाडू पोचले. चटणी मी एकटी खाणार होते, पण शेजारच्या दावणीच्या मनकर्णाबाईनं वास घेतला आणि मग अर्धी छावणी पंगतीला आली. सरस्वतीला सांग, परक्या गावात तिचं नाव झालं.

हरण्याचं काही खरं नाही रे. डॉक्टर आले, त्याच्या कानाला हात लावला, डोळे बघितले, ताप नाही म्हणाले. पोटाचं औषध दिलं. मनकर्णाबाईनं मिठानं दृष्ट काढली. मी वाढे बारीक तोडून त्यावर गुळाचं पाणी शिंपडून बघितलं. दोन घास घेतो आणि थांबतो. फासळ्या दिसायला लागल्यात. दिवसभर झिऱ्याकडं तोंड करून उभा असतो. मी त्याला इकडं वळवते, तो परत तिकडं वळतो. दाव्याला हिसके देऊन देऊन मान सोलून घेतलीये त्यानं. उन्हामुळं असेल, नाहीतर पाण्याच्या वासामुळं.

मनकर्णाबाई परवा मला म्हणाली की बाई, तुज्या बैलाचं तिकडं कोन हाय? मी तिला काहीतरी बोलून गेले आणि मग दिवसभर मलाच वाईट वाटत राहिलं. ती बिचारी काय चुकीचं बोलली? गावाकडं माझा आणि भावजींचा गोठा एकाला एक लागून. पैरा मोडला तरी रात्री दोन्ही बैल भिंतीच्या अल्याड-पल्याड बसलेले असायचे. पण म्हणून मी तिकडं दावण हलवू? म्हणजे दोन वर्षांनी मीच त्यांच्या दारी गेल्यासारखं झालं. ते मनातल्या मनात हसतील. मला ते होणार नाही.

धारूरचं म्हणशील तर मी येईन, पाहुणी म्हणून. चार दिवस तुझ्या मुलींच्या वेण्या घालीन आणि परत जाईन. कायमची येईन असं मनात आणू नकोस. हरण्या आहे तोवर माझं स्वतःचं रान आहे, माझं घर आहे. तो गेला तर एकट्या बाईला पुन्हा बैल उभा करणं होणार नाही, हे मलाही कळतं. म्हणूनच झोप लागत नाही.

जास्त काय लिहू? तब्येतीला जप आणि चालता चालता विचार करू नकोस, ठेच लागते.

तुझी,
केसरआक्का

॥ श्री ॥

धारूर.
९ एप्रिल १९८७

ती. स्व. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून माझं शाळेत लक्ष नाही. काल मुलांना एकच धडा दोनदा शिकवला आणि एकानंही सांगितलं नाही.

आक्का, बैल डोळ्यांदेखत मरू द्यायचा आणि मग रडत बसायचं, यात काय शहाणपण आहे? अजून त्याच्या अंगात जीव आहे तोवर तो चांगल्या घरी द्यावा. लवकरच एक माणूस तुझ्याकडं येईल. माणूस भला आहे, हरण्याला जिवापाड सांभाळील. त्याला नाही म्हणू नकोस, एवढं माझं ऐक. बैल सुखी होईल आणि तू मोकळी होशील. सुटी लागली की मी स्वतः तुला न्यायला येतो. तुझी पेटी बांधून ठेव.

सरस्वती म्हणते, असं लिहू नका, त्यांना आवडायचं नाही. पण मी लिहितो, कारण मला रात्र रात्र तू उन्हात बसलेली दिसतेस. रागावलीस तरी आशीर्वाद कमी करू नयेत.

तुझा,
पंडित

॥ श्री ॥

छावणी, कडा.
१४ एप्रिल १९८७

श्री. पंडित गुरुजी यांना बबनरावाचा रामराम. पत्रास कारण की, तुमचं पत्र मिळालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुकलं तर समजून घ्या.

केसरबाईचा बैल मी घ्यावा, असं तुम्ही लिहिलं. तो दावणीला आला तर लगेच खाईल हे मला ठाऊक आहे. आमचा बाशिंग्याही नीट खात नाही, फक्त तो जरा निगरगट आहे. दुरून मी रोज हरण्याकडं बघतो. दोनदा बाशिंग्याला घेऊन तिकडं निघालो आणि निम्म्यातून माघारी आलो. बाईंनी चारचौघांत हाकलून लावलं असतं तर माझ्याच्यानं सोसलं नसतं.

पण बैल मी घेणार नाही. हरण्या माझ्या दावणीला आला म्हणजे बाईंची शेती गेली. बाईंचे मालक, म्हणजे आमचा शहादेव, त्या रानासाठी जन्मभर राबला. मी ते माझ्या हातानं बंद करू? तुम्ही शिकलेले, तुमच्या मनात बहिणीची काळजी, हे कळतं. पण ज्याचा बैल त्याला विचारलं पाहिजे गुरुजी. बैल न्यायला जाईपर्यंत बाईंना कळवू नका म्हणून तुम्ही लिहिलं, ते मात्र माझ्याकडून व्हायचं नाही. मी आजच आप्पारावांच्या हाती त्यांना निरोप देतो की तुमच्या भावाचं असं पत्र आलंय आणि मी नाही म्हणालो. मग त्यांना काय करायचं ते करू देत.

राग मानू नये. धारूरकडं आलो तर पाणी प्यायला येईन, तेव्हा ओळख ठेवावी.

आपला,
बबनराव

॥ श्री ॥

छावणी.
१७ एप्रिल १९८७

चि. पंडित यास आशीर्वाद. बाकीचं खाली आहे.

निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पीठ हाताला तसंच. आप्पारावांनी सांगितलं की तुमच्या भावानं बबनरावाला बैल घ्या म्हणून लिवलंय आणि ते न्हाई म्हणले. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझा बैल, आणि तू तिकडं धारूरला बसून त्याची सोय लावतोस? पण तू इथं होतास कुठं? म्हणून सगळा राग इथं असलेल्या भावजींवर काढायला निघाले. हरण्याचं दावं सोडलं आणि त्याला ओढत झिऱ्याकडं गेले. ओढत म्हणते खरं, पण निम्म्या वाटेपासून तोच मला ओढत होता.

भावजींच्या अंगावर दावं टाकलं आणि मी म्हटलं की घ्या, मरायचा तर तुमच्या दावणीला मरू दे, एकदा पोळ्याला नेला होताच न विचारता. झालं. दोन वर्षं साठलेलं सगळं निघालं. अख्खी छावणी चारा टाकायचा सोडून ऐकत उभी. ते म्हणाले, नेला मी, आनि पुन्यांदा तशी येळ आली तर पुन्यांदा नेईन. मी म्हटलं, माझ्या घरात दुखवटा होता. तेव्हा त्यांचा आवाज फाटला रे. दुखवटा तुमच्या एकट्याच्याच घरात व्हता का, असं म्हणाले ते. शहादेव माजा भाऊ व्हता, त्याचा बैल पोळ्याला बोडका हुबा ऱ्हायलेला मला बघवंना, मी रडत रडत त्याला बेगड लावली, कुनी इचारलं न्हाई मला, असं म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसायला लागले.

पंडित, माझ्या हे कधी मनातच आलं नव्हतं. ह्यांच्यामागं रडणारी मी एकटीच, असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, विचारायला हवं होतं. ते म्हणाले, इचाराया पायजे व्हतं, बरूबर हाय. पण बैलाला सुतक नसतं ते नसतंच. मी म्हटलं, असतं. एवढ्यात मनकर्णाबाई मागून म्हणाली की भांडा निवांत, पर जरा हिकडं बगा. आम्ही वळून बघितलं. हरण्यानं बाशिंग्याच्या पुढची वाढ्यांची पेंढी संपवली होती आणि दुसरीत तोंड घातलं होतं. बाशिंग्या त्याची सोललेली मान चाटत उभा होता. मला रडू आलं, सगळ्यांदेखत आलं, आणि लाज वाटली नाही.

मग डोळे पुसून भावजींना म्हटलं की तुमचा बैल जरा पलीकडं सरकवा, माझी मेख रोवायला जागा करा. त्यांनी दगड उचलला आणि मेख ठोकून दिली. रोहिणीच्या पावसाआधी जोडीनं नांगरट पहिल्यांदा कुणाच्या रानात धरायची, यावर आज पुन्हा वाद झाला. माझ्याच रानात धरायची ठरली.

आता तुझं. त्या माणसानं माझ्याशी भांडण केलं ते तोंडावर केलं. तू माझ्यावर माया केलीस ती पाठीमागून. मला जास्त कशानं दुखलं ते तूच ओळख. तू लहान असताना तुला मी कधी न विचारता दुसऱ्याच्या घरी पाठवलं होतं का रे? मामा न्यायला आले होते तेव्हासुद्धा तुला विचारलं होतं, आणि तू माझा पदर धरलास म्हणून ठेवून घेतलं.

पेटी बांधलेली नाही, बांधणार नाही. पण सुटी लागली की तू ये. झिऱ्याचं पाणी पी, बैलांच्या पायथ्याशी गोणपाटावर झोप. सरस्वतीला आणि मुलींनाही आण, बारदान आता घट्ट बांधलंय. आणि मनात जे असेल ते इथं येऊन, माझ्यासमोर उभं राहून बोल. मी भांडेन, तूही भांड. आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

तुझी,
केसरआक्का