बंबवाल्यांचे टीशर्ट

३ फेब्रुवारी

सौ. मालकीणबाईंस,
स. न. वि. वि.

अक्षर छबीचं आहे, मजकूर माझा. दचकू नकोस. माझे हात रंगाने बरबटलेत, म्हणून तिला लिहायला बसवलंय.

तू गेल्यापासून इथे सगळं सुरळीत आहे. टिल्लू वेळेवर शाळेत जातो आणि वेळेआधी परत येतो, तेवढी एक चौकशी करायची राहिलीय. भात दोनदाच करपला. आगीच्या बंबवाल्यांच्या क्रीडादिनाचे टीशर्ट छापायला घेतलेत. तू त्यांच्या साहेबांकडे चकरा मारमारून हे काम मिळवलंस, तेव्हा ते झोकात व्हायला हवं. पिवळ्या कापडावर पाठीला निळी शिडी काय उठून दिसते म्हणून सांगू.

मुलं फक्त घड्या घालतात. तुझी अट माझ्या लक्षात आहे. आईंचा पाय कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांग आणि जावई तब्येतीने ठणठणीत असल्याचं कळव.

लोभ आहेच, तो दुरूनही असाच राहू दे.

तुझा,
छपाईमास्तर

ता. क. भात तीनदा करपला. हे बाबांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिलंय. – छबी


८ फेब्रुवारी

श्री. छपाईमास्तरांस,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आई आता काठी घेऊन खोलीभर चालते. दिवसभर मला हे आण, ते ठेव करत असते, म्हणजे प्रकृती सुधारतेय असं समजायचं.

बाकी पत्र वाचून काही मी निर्धास्त झाले नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, रंगाचे हात म्हणून तुम्ही कधी कशाला हात लावायचे थांबलात? माझ्या पांढऱ्या पडद्यांना विचारा. इथे फोन पोस्टात एकच, आणि तिथे बोललेलं चार घरांत पोचतं, म्हणून लिहूनच विचारते. काय झालंय?

अटीचं पुन्हा सांगते. आठवीत असताना मला आईबाबांनी शाळेतून काढून रंगाच्या पिंपांपाशी उभं केलं ते केलंच. मोसम संपला की परत पाठवू म्हणाले होते. तो मोसम काही संपला नाही. छबी आठवीत आहे. तिने घड्या घालाव्यात, छपाईच्या फ्रेमला हात लावू नये.

राग नाही, काळजी आहे. तेवढी समजून घ्यावी.

तुमची,
मालकीण


११ फेब्रुवारी

ती. आईस,
टिल्लूचा नमस्कार.

मी मजेत आहे. तू मजेत आहेस ना? बाबांचा उजवा हात झोळीत आहे हे तुला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी ते लिहीत नाही. ते स्टुलावरून पडले तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मला काही माहीत पण नाही.

ताई छापते. मी टीशर्ट पाटावर चढवतो, ती जाळीवर रंग ओतून रबरी पट्टी ओढते, मग मी टीशर्ट काढून दोरीवर टाकतो. बाबा खुर्चीवर बसून हळू, हळू, दाबून, असं म्हणत राहतात. ताई म्हणाली की तुम्ही बोललात की माझा हात हलतो. मग बाबा वर जाऊन भात करपवतात.

माझे कान निळे झालेत. शाळेतल्या मास्तरांनी विचारलं तर मी जन्मखूण म्हणालो.

आजीला पापा. माझ्यावर माया कर.

टिल्लू


१५ फेब्रुवारी

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.

टिल्लूने काहीही न सांगता सगळं सांगितलं आहे. त्याला रागावू नकोस. आता तू मला सरळ लिही. बाबांचा हात मोडलाय की मुरगळलाय, शाळा किती बुडाली, आणि छापायला तुला कुणी बसवलं.

मी सगळं टाकून धावत येईन म्हणून तुम्ही लपवलंत, हे मला कळतं. येणार नाही. येताच येणार नाही, कारण मीही एक थाप मारली आहे. आजी खोलीभर चालत नाही. पलंगाच्या कडेला धरून उभी राहते, माझ्याकडे बघते आणि बसते. तुम्ही घाबराल म्हणून मी तिला कागदावर चालवली. तेव्हा बाबांना बोलायला मला तोंड नाही.

जेवत जा. केस बांधून काम कर, नाहीतर रंगात लोळतील. उलट टपाली पत्र हवं.

तुझी,
आई


२० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं मनगट मोडलंय. प्लास्टर अजून महिनाभर राहील. शाळा मी एकही दिवस बुडवली नाही, दुपारी आल्यावर छापायचे. मला कुणी बसवलं नाही. बाबा बंबवाल्यांना नाही म्हणून कळवायला निघाले होते, मी दारात आडवी उभी राहिले. तू त्या कामासाठी किती वेळा गेली होतीस ते मी पाहिलंय.

आता कालचं सांगते. तू बसून वाच. छपाई सगळी झाली आणि रंग पक्का करायचा हीटर जळाला. दुरुस्तीवाले म्हणाले, सुटा भाग पुढच्या आठवड्यात येईल. क्रीडादिन तर या रविवारी. तापवला नाही तर पहिल्या धुण्यात रंग वाहून जाणार. बाबा म्हणाले, कागद ठेवून घरच्या इस्त्रीने करता येतं, फक्त जीव जातो. मग शिंपीकाकांनी त्यांची जड इस्त्री दिली, समोरच्या बाईंनी त्यांची दिली आणि आपली होतीच. दुपारपासून आम्ही इस्त्र्या फिरवत होतो. टिल्लू चेंडू बघायला खिडकीत गेला आणि इस्त्री टीशर्टवर तशीच राहिली. एवढा धूर झाला की समोरच्या बाईंनी फोन केला.

आणि आई, बंब आला. घंटा वाजवत, अख्खी गल्ली गोळा करत. सहा जण पाइप घेऊन उतरले. टिल्लू दारात जाऊन त्यांना म्हणाला, तुमचे टीशर्ट अजून झालेले नाहीत, रविवारी या.

त्यांचे साहेब आत आले. दोरीवरच्या शिड्या बघितल्या, बाबांची झोळी बघितली, माझे कोपरापर्यंत निळे हात बघितले. बाबा खुर्चीतून उठायला धडपडत होते. म्हणून मी सांगितलं, हीटर जळलाय, आणि छापलंय मी, बाबांनी नाही, नको असतील तर आत्ताच सांगा. माझे पाय लटपटत होते. साहेबांनी एक टीशर्ट उजेडाला धरून पाहिला, नखाने रंग खरवडून पाहिला आणि एकाला किती वेळ इस्त्री करावी लागते तेवढंच विचारलं.

संध्याकाळी पाळी संपलेले सगळे बंबवाले साध्या कपड्यांत आले, आपापल्या इस्त्र्या बगलेत मारून. रोज गणवेश कडक करायची सवय, त्यामुळे हात काय सफाईने चालत होते. काही आपल्याकडे बसले, काही शिंपीकाकांकडे, म्हणजे फ्यूज उडू नये. एका मिशीवाल्याने तर टीशर्टच्या बाह्यांना घड्या पाडल्या. बाबांनी चहा केला. तो मात्र करपला नाही.

सगळे झाले. जळालेला एक टीशर्ट टिल्लू घालून झोपला.

पण रंग टिकेल की नाही हे रविवारीच कळणार. आजीला सांग, पाय घाबरला तरी उभं राहता येतं, मी राहिले.

आशीर्वाद असू द्यावेत.

तुझी,
छबी


२२ फेब्रुवारी

श्री. छपाईमास्तरांस,
सा. न. वि. वि.

छबीचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बंब आला तिथे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पायाची ओळ मात्र तिने मला पुन्हा वाचायला लावली. ऐकून म्हणाली, शाळेतून काढताना तुला आम्ही विचारलं नव्हतं. मग हात पुढे केला, आणि पलंगापासून दारापर्यंत आली. या वेळी खरंच आली, कागदावर नाही.

तेव्हा तुम्ही एवढं करा. छबीला विचारा. गिऱ्हाइकासमोर नाही, दुकानात नाही, ती दमलेली असताना नाही. हे काम हवंय का, आणि किती हवंय. ती नाही म्हणाली तर गळ घालायची नाही. हो म्हणाली तर तिचं ऐकून मला कळवा, मी माझी अट त्याप्रमाणे बदलेन.

लपवल्याचं भांडण समोरासमोर करू. तोवर मनगट जपा.

तुमची,
मालकीण


२६ फेब्रुवारी

सौ. मालकीणबाईंस,
स. न. वि. वि.

हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. हा मजकूर छबीकडून लिहून घेण्यासारखा नाही.

काल आम्ही तिघं मैदानावर गेलो. पिवळ्या पाठी आणि निळ्या शिड्या जिकडेतिकडे पळत होत्या. रस्सीखेचीत मिशीवाल्याच्या बाजूने धूळ चाटली, टिल्लू त्यांच्याच नावाने ओरडत राहिला. शेवटी बक्षिसं झाल्यावर बंबवाल्यांनी पाइप काढले आणि एकमेकांवर पाणी सोडलं. दरवर्षी करतात म्हणे. बाजूला पाहिलं तर छबीने डोळे गच्च मिटले होते. मीही मिटणार होतो, पण दोघांपैकी एकाने बघायला हवं होतं. सगळे नखशिखांत भिजले. टीशर्टमधून पाणी निथळत होतं, ते स्वच्छ होतं. शिडी जागच्या जागी. मी तिला हलवून म्हटलं, बघ. तिने एकच डोळा उघडला, मग दुसरा.

साहेबांनी पुढच्या वर्षीचं काम तिथेच सांगितलं. मी म्हटलं, घरी विचारून कळवतो.

येताना टिल्लूला पुढे पिटाळलं आणि तुझा प्रश्न विचारला. ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली. मग म्हणाली, शनिवारी छापेन. इतर दिवशी नाही. परीक्षेच्या महिन्यात शनिवारीही नाही. मी बरं म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, बाबा, खांदे फार दुखायचे, पट्टी ओढून ओढून शाळेत पेन धरवत नव्हतं. इतक्या दिवसांत कुणाला बोलली नव्हती. आणि भर रस्त्यात रडायला लागली. मी एका हाताने तिला जवळ घेतलं. येणारेजाणारे बघत होते, बघू दे म्हटलं. रडून झाल्यावर तिने माझ्याच झोळीला नाक पुसलं आणि विचारलं की आईला कळवताना शनिवार आधी लिहाल ना.

तो आधीच लिहिलाय. आईंना घेऊन ये. घाई करू नकोस, पण फार उशीरही लावू नकोस.

तुझा,
छपाईमास्तर