ग्रहणातलं पान

इतवारी, नागपूर
वैशाख वद्य सप्तमी, शके १८२०

प्रिय,

पुढे नाव लिहिलेलं नाही. ते जिभेवर येत नाही, तर टाकातून कुठून उतरणार? ‘प्रिय’ तेवढं तुम्ही शिकवलं तसं लिहिलं. आईने विचारलं, इतकं काय लिहून राहिली वं, तर म्हटलं सासूबाईंना लोणच्याची कृती पाठवते. आता खरंच पाठवावी लागेल.

रायपूरच्या नव्या सरकारी शेतावर तुम्ही उन्हाने काळे पडलात म्हणता. इथेही आग ओकतंय नुसती. नववा लागला. पाय सुजलेत, आणि जेवून टेकले की आतली स्वारी लाथा झाडते. बापावर गेलंय, एका जागी बसवत नाही.

मला फार भीती वाटते हो. बाळंतपणाची भीती सगळ्याच जणींना असते, ती आईच्या कुशीत रडून जाते. ही दुसरी. ही तुमच्याशिवाय कोणाला सांगायची सोयच नाही, कारण गोष्ट आपल्या दोघांतच आहे.

पौषातल्या अवसेला ग्रहण लागलं तेव्हा मला पाचवा होता. सासूबाईंनी महाल भागातल्या आपल्या घरी मला माजघरात बसवलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि दहादा बजावलं: पोटुशीने ग्रहणात काही कापू नये, तोडू नये, नखसुद्धा लावू नये, जे तोडशील ते लेकराच्या अंगावर उमटेल. आणि तुम्ही! सकाळी शेतकी शाळेत जाताना माझ्या कानात सांगून गेलात, की शाळेतल्या वेली मी पाहतो, विहिरीजवळचा वाल तुझ्याकडे. एक पान अंधाराआधी, एक ऐन अंधारात, एक उजेड परतल्यावर. सूर्य झाकला की पान आपला स्वयंपाक थांबवतं का, ते तुम्हाला पाहायचं होतं.

सासूबाई बायकांबरोबर शुक्रवार तलावावर स्नानाला गेल्या आणि मी मागच्या दाराने परसात. पहिलं पान सहज घेतलं. मग ऊन फिकं होत गेलं, गार वारा सुटला, कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरल्या. भर दुपारी आभाळात चांदणी दिसली. पळून आत जावं असं वाटलं. तरी घेतलं पान. काहून? तुम्ही सांगितलं म्हणून, आणि खरं सांगू, मलाही पाहायचं होतं.

संध्याकाळी तुम्ही ती पानं उकळलीत, स्पिरिटमध्ये पांढरी फटक केलीत आणि वर ते तपकिरी औषध टाकलंत. पानाने उन्हातून केलेला साठा त्याने काळा पडतो, म्हणालात. तिन्ही पानं सारखीच काळी पडली. तुमचं तोंड एवढंसं झालं, आणि मला मात्र हायसं वाटलं. मग तुम्ही समजावलंत, की दिवसभर पानावर एवढं ऊन कोसळतं, पण त्यातला शंभरातला एखादा हिस्सा त्याच्या पदरी पडतो, बाकीचं सगळं वाया. मी म्हटलं, अगबाई, आणि सासूबाई मला उधळी म्हणतात! तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, त्या एका हिश्शावर गाईगुरं, माणसं, सगळं जग जेवतं; आणि सकाळपासून कणाकणाने जमवलेलं थोड्या वेळच्या अंधाराने कुठे जात नाही.

तेवढंच धरून मी दिवस काढते. जे पान त्या अंधारात उघडं उभं होतं, त्याच्यावर खूण नाही, मग माझ्या पोटात झाकलेल्या जीवावर काहून यावी? सकाळी अंगणात बसते तेव्हा हे अगदी पटतं.

मग प्रयागबाई सुईण येते. पोटाला तेल लावता लावता परवा तिने विचारलं, गिऱ्हनात काही कापलं-तोडलं तर नाही ना वं पोरी, मले खरं सांग. मी नाही म्हटलं. तिचा हात थांबला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा चोळायला लागली. आमच्या गल्लीतल्या शालिकरामजींची लेक चैत्रात बाळंत झाली. पोराचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिला आठवलं की ग्रहणात तिने लिंबू चिरलं होतं. सासरचे बारशालाही आले नाहीत, अजून न्यायला आलेले नाहीत. मी ते लेकरू पाहून आले. बोंडल्याने दूध घालतात, ते नाकातून बाहेर येतं. घरी आले आणि न्हाणीत जाऊन भडाभडा ओकले. आई म्हणाली, ऊन लागलं.

काल तुमचं पत्र आलं. चार पानं ज्वारीच्या वाफ्यांची, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ: ‘वालाची पानं हाताने खुडली होतीस, की कात्रीने कापली होतीस?’ आधी कळेच ना, आता हे काहून विचारता. मग कळलं. तुम्हीही घाबरलात. ज्यांच्या भरवशावर मी धीर धरून होते, तेच. तर ऐका, कात्रीने कापली. आता हे पत्र पोहोचेल त्याच दिवशी सासूबाईंना लिहा, की ग्रहणात पानं घ्यायला मीच सांगितलं होतं, आणि मूल कसंही आलं तरी दोघांना घरी आणायचं. त्याचं तोंड दिसायची वाट पाहू नका. धडधाकट निघालं तर कोणीही लिहील. नाही निघालं तर तुम्ही लिहाल का, हे कालपर्यंत मला ठाऊक होतं.

तुमचीच, तुम्ही ठेवाल तर,
सत्यवती