डावीकडचे खवले

३ जून

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

आधी मोज, मग बोल, असं तुम्ही मला सातवीत असताना बजावलं होतंत. म्हणून तीन महिने मोजलं, आता बोलते.

तुम्ही ज्या तीन चपट्या डोक्याच्या माशांवरून नवी प्रजाती मांडलीत आणि तिला आईचं नाव दिलंत, ते मी संग्रहालयाच्या बरण्यांतून काढले. अंगावरच्या मधल्या रेषेतल्या खवल्यांना एकेकच छिद्र, म्हणून ती वेगळी प्रजाती. शेजारच्या जुन्या प्रजातीत छिद्रं दोन.

मोजायची ती डावी बाजू, उजवीला हात लावायचा नाही, हा आपला शिरस्ता. पण हे मासे तुमच्याकडे पत्र्याच्या डब्यातून आले होते. पत्र्याला टेकलेल्या डाव्या बाजूला गंज बसलाय. ओल्या कुंचल्याने पुसलं, तर दुसरं छिद्र उघडलं. उजवीकडे तर सगळीकडे दोनच. बंदरावरून अकरा ताजे मासे आणले, तेही तसेच.

बाबा, आपली प्रजाती जुन्या प्रजातीतच जाते. रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

आपली
चिमटी

१२ जून

चि. चिमटीस, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. पोरी, बापाच्या खात्यावर एकच प्रजाती, आणि बुडवायला तुला तीच सापडली?

गालावरचे काटे पाहिलेस का? माझ्या माशांना दोन, शेजाऱ्यांना तीन. आधी त्याचं उत्तर दे.

तुझ्या आईचं नाव छापील असं तेवढंच उरलंय. मी जाईपर्यंत थांब, मग काय ते कर. बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो, मीही. वेळेवर जेवत जा.

तुझा
बाबा

२० जून

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

तिसरा काटा आहे. कातडीखाली दबलाय, क्ष-किरणांत स्वच्छ दिसतो. चित्र सोबत पाठवते.

आईचं नाव पुसलं जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. जुन्या नावाखाली ते कायम नोंदलेलं राहतं. पण मी थांबणार नाही. तुमच्या माघारी लिहिलं, तर लेकीने बापाची चूक उकरली एवढंच उरेल. आज माझ्याशी भांडायला तुम्ही आहात.

माझा शोधनिबंध पाच जुलैला छापायला जातोय. गुडघ्याला शेक देत जा, आणि माझ्यावर धरलेली माया तशीच धरून ठेवा.

तुम्ही नाहीच म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते: निबंधावर माझ्या आधी तुमचं नाव घालू द्याल?

आपली
चिमटी