मासेमारीचा गेम

८ नोव्हेंबर २००५
सुशांतबरोबर कणकवलीला जाऊन शाळेसाठी गेमच्या सीड्या आणल्या. संगणक देणाऱ्या पुण्याच्या संस्थेची अट – मारामारी नको, मुलांचं डोकं चालायला हवं. दुकानदार आपला बंदुकाच दाखवतोय! शेवटी दोन निवडल्या. एकीत पूल बांधायचा. दुसरीत होडी घेऊन मासेमारी – वारा, डिझेल, जाळं, सगळं आपण ठरवायचं. ही सुशांतनेच शोधली. "बाई, ह्यो घेवया. आमच्या पोरांका ह्यातला कळता." त्याची आई हौसाबाई अजून बाजारात मासे विकते, त्याला सुचणारच. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. असा सोबती मिळायला नशीब लागतं.

२१ नोव्हेंबर
चौथीतली आनंदी पुलाला कंटाळते, पण होडीवर बसली की उठत नाही. आज गेममध्ये पावसाळा लागला तशी तिने होडी किनाऱ्याला लावली आणि हाताची घडी घालून बसली. मला वाटलं, अडली. "काय झालं गो?" तर म्हणते, "पिल्लां मोठी होवंदेत मां, बाई." पुढच्या फेरीत तिला सगळ्यांच्या दुप्पट मासळी. बापाची होडी आहे, घरात ऐकलं असणार. "बघलात मां?" सुशांत म्हणाला. किती खूश होता.

१३ डिसेंबर
संस्थेचे साहेब आले. मासेमारीचा गेम पाहून कपाळाला आठ्या. "जीव मारणं ही हिंसाच. हे कसं निवडलंत?" मी सुशांतकडे पाहिलं. तो एकदम शुद्ध मराठीत – "सर, माझा पहिल्यापासून विरोध होता. बाईंनी ऐकलं नाही."
मुलांसमोर! कालच माझ्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खाल्लंन.
गेम त्यानेच काढून टाकला. आनंदीने विचारलं, "सर, म्हणजे माझे बाबा पाप करतत?" त्याने तिला पूल बांधायला बसवलं. मीच तिला जवळ घेऊन नाही म्हटलं. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

१४ डिसेंबर
सरळ विचारलं. "समजान घेवा, बाई. संस्थेचो तालुक्याचो समन्वयक तोच साहेब नेमतलो. माका ह्या शाळेतसून भायर पडाचा आसा." मान वर केली नाही.
मला तोंडघशी पाडलं, ते एक वेळ गिळेन. पण हौसाबाईच्या मासळीच्या पाटीवर शिकला हा, आणि तिच्याच धंद्याला हिंसा म्हणू दिलं? विश्वास ठेवला होता मी. मूर्ख ठरले.

२ जानेवारी २००६
सुशांत समन्वयक झाला. पेढे वाटले. मी घेतला नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला तेच साहेब, बाजूला सुशांत. मुलांना नाव विचारत होते, वडील काय करतात विचारत होते. आनंदीचा बाप नवा शर्ट घालून समोरच उभा होता, तिच्याकडे बघत.
"बाबा मुंबईला असतात, नोकरीला," आनंदी म्हणाली.